माहूर-तुळजापूरचे गोंधळी आणि त्यांचे तुणतुणे

गोंधळी हे देवीचे पिढीजात उपासक-गायक. त्यांच्यात दोन मुख्य शाखा आहेत. माहूरच्या रेणुकेचे ते रेणुराई आणि तुळजापूरच्या भवानीचे ते कदमराई. माहूर नांदेड जिल्ह्यातच असल्याने त्याच जिल्ह्यातल्या अर्धापूरच्या परिसराला ही उपासना परकी नाही. लग्नकार्य आटोपले की कुळाचार म्हणून गोंधळ घालण्याची चाल मराठवाड्यात जुनी आहे.

चौरंगावर नवे कापड अंथरून, धान्याच्या राशीवर कलश ठेवून देवीची मांडणी होते आणि दिवटी पेटते. पूर्वरंगात नायक गावोगावच्या देवतांना नाव घेऊन गोंधळाला बोलावतो. उत्तररंगात आख्यान लागते. साथीदार मध्येच भाबडे प्रश्न विचारून हशा पिकवतो. पण कथेचा पुढचा धागा नायकाच्या हाती बहुधा त्या प्रश्नानेच येतो.

ताल संबळाचा, सूर तुणतुण्याचा. तुणतुणे म्हणजे लाकडाचे पोकळ नळकांडे. त्याच्या तळाला कातडे मढवलेले असते आणि बाजूला बांबूची दांडी ठोकलेली असते. कातड्याच्या मध्यातून निघालेली एकच तार दांडीच्या टोकावरच्या खुंटीला ताणलेली असते. ती छेडली की सूर मिळतो आणि लयही सांभाळली जाते. चाल मात्र गळ्यातूनच यायची. परशुरामाने बेटासुराला मारून त्याच्या शिरात तंतू ओवले आणि ते वाद्य रेणुकेपुढे वाजवले, तोच पहिला गोंधळ, अशी कथा सांगतात.

पश्चिम आफ्रिकेतील मांदे समाजाचे पिढीजात गायक, जेली, याच जातकुळीचे. त्यांचे तंतुवाद्य, कोरा, मात्र वैभवशाली आहे. अर्ध्या भोपळ्यावर गाईचे कातडे आणि 21 तारा, त्यामुळे चाल आणि साथ दोन्ही त्याच्यावरच वाजतात. कुयाते, दियाबाते या घराण्यांत तेराव्या शतकातील माली साम्राज्याचा संस्थापक सुंजाता केइता याची गाथा बापाकडून मुलाकडे आली. जेली आश्रयदात्याची वंशावळ गातो, तर गोंधळी यजमानाची कुलदेवता. वाद्याच्या श्रीमंतीत तुणतुणे कोऱ्यापुढे टिकत नाही. पाठांतरात गोंधळी जेलीपेक्षा उणा नाही.

परभणीच्या राजारामभाऊ कदमांनी गोंधळ शहरी रंगमंचावर नेला, तर विठ्ठल उमपांच्या ‘जांभूळ आख्याना’ने त्यातली एक कथा नाट्यरसिकांपर्यंत पोचवली. घरचा गोंधळ मात्र आखडत चालला आहे आणि कात्री आधी लागते ती आख्यानालाच. ज्यांच्या घरी गोंधळ ठरेल, त्यांनी निदान एका आख्यानापुरती रात्र मोकळी ठेवावी.