हलव्याची जाहिरात

रोश हशाना जवळ आला की आम्ही मैत्रिणी चिकाचा हलवा करून विकतो. एकीच्या नातवाने गूगलवर जाहिरात दिली. ती नुसती दिसली तर पैसे नाहीत. कुणी तिच्यावर बोट दाबले की पैसे कापतात. आठवड्यात पैसे संपले, गिऱ्हाइके दोनच!

आम्ही जन्मभर नर्सचे काम केलेल्या. चार्ट बघितल्याशिवाय औषध कसे बदलणार? लोकांनी कुठले शब्द शोधले त्याची यादी काढली. पुष्कळांना हलवा नव्हे, कृती हवी होती! मग ‘कृती’, ‘फुकट’ हे शब्द वर्ज्य केले, जाहिरात आपल्या अश्दोदपुरतीच ठेवली, खाली फोन नंबर दिला. आता खर्च तेवढाच, पण रोज दोन-तीन फोन येतात.

मुलांनो, आजी-आजोबांना अशी यादी दर आठवड्याला काढून द्या हं!