कमजोर लेग कोणाचा?

अमरावतीच्या राजकमल चौकातला एक माणूस घेऊ. तो नेटवर्क मार्केटिंगच्या साखळीत दोघांना जोडतो, ते दोघं प्रत्येकी आणखी दोघांना. असं चालत राहिलं तर त्याच्या खालच्या बाविसाव्या ओळीला ४१ लाख ९४ हजार नवी माणसं लागतात. २०११ च्या जनगणनेप्रमाणे अमरावती आणि अकोला या दोन्ही जिल्ह्यांची लोकसंख्या मिळून सुमारे ४७ लाख. आणि एकविसाव्या ओळीपर्यंतच त्यातले जवळपास ४२ लाख, पाळण्यातली पोरं आणि खाटेवरचे आजोबा धरून, जॉइन झालेले असतात. 'भाऊ, तू फक्त सहा जणं आन' असं सांगणारा प्लॅन त्याहून घाईचा. त्याची आठवी ओळ भरली की वीस लाख लोक संपतात आणि नवव्या ओळीला एक कोटी हवे असतात.

हे गणित मांडलं की प्लॅन दाखवणारे हसतात. कोणतंही झाड इतकं भरत नाही, असं ते म्हणतात, आणि ते खरंच आहे. पण झाड दहाव्या ओळीवर थांबो की पंधराव्या, दोनाच्या हिशेबात निम्म्याहून थोडे जास्त लोक कायम शेवटच्या ओळीत असतात. त्यांच्याखाली कोणीच नसतं. शेवटच्या दोन ओळी धरल्या तर सुमारे पाऊण लोक झाले. सेमिनारच्या स्टेजवर सूट-टाय घालून जो 'डायमंड' उभा असतो, तो उरलेल्या पावातल्याही अगदी टोकाचा.

वऱ्हाडात हा धंदा शिरायला घरोघरची ओळख कामी आली. दिवाळीच्या आगेमागे सोयाबीनचा पैसा हातात येतो, मागोमाग कापसाचा; मास्तर, विमा एजंट, बचत गटाच्या अध्यक्षबाई यांच्या शब्दाला गावात वजन असतं. पहिली लिस्ट नातलगांचीच बनते: साडू, मेव्हणा, मामेभाऊ, मग शेजार. भिशीची सवय इथे जुनी आहे, त्यामुळे 'सगळ्यांनी मिळून पैसे टाकायचे' यात कोणाला वावगं वाटत नाही. पण भिशीत बारा बायका असतील तर बारा महिन्यांत प्रत्येकीला एकदा रक्कम मिळते आणि भिशी फुटते. तिला तेरावी बाई लागत नाही. या धंद्यात तेरावी आली नाही तर बारावीचे पैसे बुडतात.

आता प्लॅनांकडे येऊ. बाहेरून ते फार वेगळे दिसतात, आणि आपला प्लॅन दुसऱ्यापेक्षा कसा 'फेअर' आहे हे सांगण्यातच प्रत्येक कंपनीच्या मीटिंगचा निम्मा वेळ जातो.

सगळ्यात जुनी रीत एका पायरीची: माल घ्या, विका, नफा ठेवा. एव्हॉनच्या बायका अमेरिकेत १८८६ पासून हेच करत होत्या. विक्रेत्याने विक्रेता आणायचा आणि त्याच्या विक्रीवर वाटा घ्यायचा, ही पायरी १९४५ मध्ये न्यूट्रिलाइट या जीवनसत्त्वांच्या गोळ्यांच्या विक्रीत चढवली गेली. त्याच गोळ्या विकणाऱ्या दोन मित्रांनी १९५९ मध्ये ॲमवे काढली. तिचा प्लॅन जिन्यासारखा: गटाची खरेदी वाढेल तशी कमिशनची टक्केवारी चढते, भारतात ती ६ पासून २१ पर्यंत. तुमच्या खालचा माणूस २१ वर पोचला की त्याचा गट तुमच्यापासून सुटा होतो आणि तुमच्या हाती थोडी टक्केवारी उरते. म्हणजे ज्याला शिकवलं, त्याच्या यशाने तुमचा चेक आकसण्याची शक्यता असते. म्हणून पुन्हा नवे लोक शोधायचे.

युनिलेव्हलमध्ये तुम्ही आणलेले सगळे पहिल्या ओळीत बसतात, आणि ठरावीक खोलीपर्यंत प्रत्येक ओळीवर टक्का मिळतो. मॅट्रिक्समध्ये रुंदीच बांधलेली असते. तीन रुंद, सात खोल असं असेल तर तुमच्याखाली जास्तीत जास्त ३,२७९ माणसं. चौथा आणला तर तो खाली सरकतो. त्यालाच स्पिलओव्हर म्हणतात, आणि 'वरचा भरतो, आपण फक्त आयडी ग्रीन, म्हणजे चालू, ठेवायची' हे आमिष त्यातूनच निघतं.

पण अमरावती-अकोल्यातल्या पोरांच्या तोंडी बसला तो बायनरी. लेफ्ट लेग, राइट लेग, पेअर, क्लोजिंग, कॅपिंग ही भाषा त्याचीच. दोन्ही बाजूला एकेक माणूस आला की जोडी लागते आणि जोडीचे पैसे मिळतात. एक बाजू आपल्या वरचा माणूस, म्हणजे अपलाइन, भरून देतो, तिला पॉवर लेग म्हणायचं. कमजोर बाजू मात्र आपणच भरायची, आणि चेक कमजोर बाजूवरच निघतो. याचा हिशेब कागदावर करून पाहावा. समजा पॅकेज १०,००० रुपयांचं आणि जोडीला १,००० रुपये. झाड दोन्हीकडे सारखं वाढत गेलं तर एकविसाव्या ओळीपाशी माणशी सरासरी दहा जोड्या लागतात. म्हणजे प्रत्येकाने भरलेले सगळेच्या सगळे १०,००० रुपये जोड्यांत वाटले गेले. साबण, पावडर, ऑफिसचं भाडं, काहीही उरलं नाही. प्रत्यक्षात हे होत नाही, कारण बहुतेकांचा एक पाय लुळाच राहतो; आणि ज्यांचे दोन्ही चालतात त्यांच्यासाठी दिवसाच्या कमाईवर मर्यादा, म्हणजे कॅपिंग, असतं. लोकांच्या कमजोर लेगवर कंपनी उभी राहते. अपयश हा या प्लॅनचा अपघात नाही, त्याचा ताळेबंदच त्यावर जुळतो.

तरी माझ्या मते कमिशन कसं वाटलं जातं हा दुय्यम मुद्दा आहे. पैसा येतो कुठून? कंपनीत नसलेलं, कुणाच्याही खाली न बसलेलं एखादं गिऱ्हाईक तोच माल त्याच किमतीला दुकानातून घेतल्यासारखा घेतं का? १९७९ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने ॲमवेला बेकायदा पिरॅमिड योजना ठरवलं नाही, ते तिच्या तीन नियमांकडे बघून: न खपलेला माल परत घेणं, घेतलेल्या मालापैकी बहुतांश विकल्याशिवाय नवा न घेणं, आणि दर महिन्याला दहा बाहेरची गिऱ्हाइकं. ही दहा गिऱ्हाइकं आपल्याकडे कुठे आहेत? इथे विक्रेता स्वतःच गिऱ्हाईक असतो. रीपर्चेस केला नाही तर आयडी लाल होते, म्हणून तो घरातली टूथपेस्टही कंपनीचीच घेतो.

भारतात या प्रश्नाला उत्तर देणारा कायदा १९७८ चा, प्राइज चिट आणि मनी सर्क्युलेशन बंदीचा. तो मुळात बक्षिसाच्या चिट आणि पैसे फिरवणाऱ्या योजनांसाठी केलेला होता. ॲमवेने १९९८ मध्ये इथे विक्री सुरू केली. २००७ मध्ये आंध्र उच्च न्यायालयाने तिची योजना या कायद्याच्या व्याख्येत येते असं म्हटलं. २०१३ मध्ये केरळात आणि २०१४ मध्ये आंध्र पोलिसांकडून तिच्या भारतातल्या प्रमुखांना अटक झाली. २०२२ मध्ये ईडीने ७५७ कोटींची मालमत्ता जप्त केली. ईडीच्या म्हणण्यानुसार २००२-०३ पासून कंपनीने २७,५६२ कोटी गोळा केले आणि ७,५८८ कोटी कमिशन वाटलं. म्हणजे शंभरातले साडेसत्तावीस. माल महाग का, याचं उत्तर त्यात बरंचसं आहे.

माल नसलेल्यांची गोष्ट लवकर आटोपते. स्पीक एशिया ११,००० रुपये घेऊन ऑनलाइन सर्व्हे भरायला लावायची. २०११ मध्ये ती कोसळली. नागपूरच्या श्रीसूर्या या गुंतवणूक कंपनीवर २०१३ मध्ये गुन्हा दाखल झाला तेव्हा तिचे गुंतवणूकदार अमरावती-अकोल्यातही होते. तिथे लेग नव्हते, फक्त ठेव, मोठ्या परताव्याचं आश्वासन आणि दलाली. पण जुन्याला नव्याच्या पैशातून द्यायची रीत तीच, आणि दारात येणारा माणूसही ओळखीचाच. अशा ठेवींसाठी महाराष्ट्रात १९९९ चा एमपीआयडी कायदा आहे. साबण विकणाऱ्याला तो सहसा लागू पडत नाही.

धंद्याच्या स्वतःच्या संघटनेचा आकडाही बघण्यासारखा आहे. २०२२-२३ मध्ये देशभराची थेट विक्री २१,२८२ कोटी, विक्रेते सुमारे ८६ लाख, आणि राज्यांत महाराष्ट्र पहिला. भागाकार केला तर माणशी महिन्याला सुमारे २,०६० रुपयांची विक्री येते. कमाई नव्हे, विक्री. ॲमवेच्या प्रमाणाने कमिशन धरलं तर सरासरी साडेपाचशेच्या आसपास, आणि या सरासरीतला मोठा वाटा वरच्यांचा. बडनेऱ्याहून मुंबईच्या सेमिनारला रेल्वेने जाऊन-येऊन राहायचं म्हटलं तरी दोन-तीन महिन्यांची कमाई त्यात जाते.

केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांनी जॉइनिंग फी नको म्हटलं; बऱ्याच ठिकाणी तिच्या जागी 'पॅकेज' आलं. २०२१ च्या डिसेंबरात ग्राहक संरक्षण कायद्याखाली नियम झाले: पिरॅमिडला बंदी, दुसऱ्याला आणलंस की तुझे पैसे वसूल होतील असं सांगून विकायला बंदी, ओळखपत्र आणि आधी परवानगी घेतल्याशिवाय कोणाच्या घरी जायचं नाही, आणि देखरेखीची यंत्रणा राज्य सरकारने उभी करायची. नियम बरे आहेत. पण घरी येणारा साडू असतो. त्याला ओळखपत्र कोण मागणार? आणि पैसे अडकल्यावर पोलिसांत लिहून द्यायचं तर तक्रारीत पहिलं नाव त्याचंच येतं, कारण कंपनीतल्या दुसऱ्या कोणाला आपण कधी भेटलेलोच नसतो. मग सासुरवाडीत बसून विषय मिटवला जातो, निम्मे पैसे साडू देतो, निम्मे सोडून दिले जातात, आणि सरकारच्या कोणत्याही रजिस्टरात त्याची नोंद होत नाही.