दिवेलागणीनंतरचा स्वाध्याय

कार्तिकी पौर्णिमेला चातुर्मासाची सांगता होते आणि साधू-साध्वीजींचे विहार पुन्हा सुरू होतात. चार महिने प्रवचनांनी गजबजलेली स्थानके शांत होतात. नेमक्या त्याच सुमारास वर्षातील सर्वांत मोठ्या रात्री सुरू होतात. प्रवचनाचा आधार सुटलेला आणि रात्र मात्र लांबलेली, अशा या तीन महिन्यांत आपल्या घरांतील संध्याकाळ कशी जाते, याचा विचार प्रत्येक श्रावक कुटुंबाने करावा असा आहे.

कळंबचा हिवाळा

पुणे-नाशिक महामार्गावर, मंचर आणि नारायणगाव यांच्या दरम्यान, घोड नदीच्या काठी कळंब वसले आहे. येथील हिवाळा म्हणजे कामाची धांदल. पारगावचा भीमाशंकर आणि जुन्नरचा विघ्नहर या साखर कारखान्यांचे गाळप सुरू झालेले असते. ऊसतोड मजुरांच्या कोप्या शेताच्या कडेला उभ्या राहतात आणि त्यांच्या आठवड्याच्या किराण्याने दुकानांत वर्दळ वाढते. रब्बी कांद्याच्या लागवडीसाठी खते आणि औषधे यांची मागणी असते. कांदा-बटाट्याच्या उलाढालीवर या भागातील बाजारपेठा उभ्या आहेत आणि त्याच पेठांतील अनेक घरांच्या स्वयंपाकात कंदमुळाला जागा नाही. व्यवहार आणि व्रत यांची ही सांगड आपल्या पूर्वजांनी पिढ्यान् पिढ्या सांभाळली.

या हिवाळी जीवनाला अलीकडे भीतीची किनार आली आहे. ऊस तुटू लागला की त्यात राहणारा बिबट्या उघड्यावर येतो. २०२५ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शेजारच्या शिरूर तालुक्यातील पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत लहान मुलांचे बळी गेले. संतप्त ग्रामस्थांनी पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला. शेतीला रात्रीऐवजी दिवसा वीज द्यावी, ही मागणी येथे जिवाच्या भयातून आली आहे. जीवदया हा आपला धर्म आहे. त्या दयेत कोपीत निजणारे मजुराचे मूलही आले आणि जंगल तुटल्यामुळे उसात आसरा घेणारा प्राणीही आला. आपल्या दुकानात येणाऱ्या मजूर स्त्रीला घरी परतण्यास अंधार होऊ नये, एवढी काळजी गल्ल्यावर बसल्या बसल्याही घेता येते.

थंडी आणि बिबट्या या दोहोंमुळे दिवेलागणीनंतर रस्ते ओस पडतात. एरवी रात्री नऊपर्यंत चालणारे दुकान आता लवकर बंद होते. पौष महिन्यात सूर्यास्त सहाच्या आसपास होतो, त्यामुळे चौविहार पाळणाऱ्या घरात जेवण त्याआधीच आटोपते. झोपेपर्यंत तीन-चार तास हाती उरतात. पूर्वी हा वेळ दुकान घेत असे. आता दुकान तो परत करते आणि मोबाईल तो घेऊन जातो. एका छताखाली पाच माणसे पाच पडद्यांकडे पाहत बसलेली असतात. मुले पुढे शिक्षणासाठी पुण्याला जातात, ती बहुधा पाहुणी म्हणूनच घरी येतात. त्यांच्याबरोबरच्या अशा संध्याकाळी फार थोड्या असतात, याची जाणीव आपल्याला उशिरा होते.

वाचावे असे काही

आपल्या शास्त्रांत स्वाध्यायाची गणना सहा अभ्यंतर तपांमध्ये केली आहे. त्याचे पाच प्रकार सांगितले आहेत: वाचना, पृच्छना, परिवर्तना, अनुप्रेक्षा आणि धर्मकथा. वाचावे, विचारावे, उजळणी करावी, चिंतन करावे आणि दुसऱ्याला सांगावे. एकट्याने मनात वाचणे हा यातील केवळ आरंभ आहे. विचारण्यासाठी आणि सांगण्यासाठी घरात दुसरे माणूस हवे. म्हणून स्वाध्याय कुटुंबात फुलतो.

प्रथम अठ्ठेचाळीस मिनिटांचे एक सामायिक करून त्यात पाठ असलेल्याची उजळणी करावी. सामायिक पारल्यावर वाचनाला बसावे. आचार्य आनंदऋषीजी महाराजांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या पाथर्डीच्या धार्मिक परीक्षा बोर्डाच्या परीक्षा आपल्याकडील अनेक आजींनी दिल्या आहेत. त्यांना शेजारी बसवले तर विचारण्यासाठी गुरू घरातच मिळेल.

पहिला ग्रंथ उत्तराध्ययन सूत्र. भगवान महावीरांची अंतिम देशना म्हणून दिवाळीत आपण ते श्रवण करतो, परंतु ऐकलेले सारे समजलेले असतेच असे नाही. त्यातील सातव्या अध्ययनात तीन व्यापाऱ्यांचा दृष्टान्त आहे. तिघेही भांडवल घेऊन निघतात. एक नफा मिळवून परततो, दुसरा मूळ भांडवल तेवढे घेऊन येतो आणि तिसरा भांडवलही गमावून बसतो. मनुष्यजन्म हे भांडवल होय. व्यापाऱ्याच्या मुलाला याहून सोपे उदाहरण कोणते द्यावे? दहाव्या अध्ययनात पिकून गळणारे पान आणि गवताच्या टोकावरचा दवबिंदू येतो. कळंबच्या शिवारात या दिवसांत सकाळी तो दवबिंदू मुलांना प्रत्यक्ष दाखवता येतो.

दुसरे पुस्तक बनारसीदासांचे ‘अर्धकथानक’. जौनपूरच्या श्रीमाळ जैन कुळातील या व्यापाऱ्याने १६४१ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, आपले चरित्र पद्यात लिहिले. माणसाचे पूर्ण आयुष्य एकशे दहा वर्षांचे मानून त्यांनी आपल्या कथेला अर्धी म्हटले. १९४३ मध्ये नाथूराम प्रेमी यांनी मुंबईहून ते संपादित करून प्रसिद्ध केले. हिंदी समजणाऱ्या घरात थोड्या सायासाने ते वाचता येते. यात व्यापारातील खोट आहे, फसगत आहे, नऊ अपत्ये गमावल्याचे दुःख आहे. आग्ऱ्यात सारे भांडवल बुडाल्यावर बनारसीदास बाजारात जाईनासे झाले. ते घरीच राहून रात्री ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ या कथा वाचत आणि दहा-वीस माणसे ऐकायला जमत. त्या श्रोत्यांत एक कचोरीवाला होता. त्याच्याकडे ते रोज उधारीवर खात. एके दिवशी त्यांनी आपली कंगाली त्याला स्पष्ट सांगितली, तरी त्याने उधारी थांबवली नाही आणि ती कित्येक महिने चालली. पुढे हिशेब होऊन पैसे फेडले गेले. बुडालेल्या माणसाला सत्य सांगण्याचे बळ कोठून येते आणि उधार देणारा नेमके काय पाहून देतो, हे प्रश्न आजच्या प्रत्येक पेढीचे आहेत. त्यावर वडील आणि मुलगा यांच्यात एक संध्याकाळ बोलणे झाले, तर ते वाचन सार्थकी लागले असे समजावे.

मराठीतून मोठ्याने वाचण्यास लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ उत्तम. शाळेत न गेलेल्या स्त्रीने सांगितलेली ही हकिगत चार भागांत १९३४ ते १९३६ या काळात प्रसिद्ध झाली. पतीने धर्मांतर केल्यावर दुभंगलेले घर तिने कसे सावरले, हे वाचताना हसू आणि आसू एकत्र येतात. सासू आणि सून यांनी आळीपाळीने वाचावे असे हे पुस्तक आहे.

ऐकावे असे काही

स्थानकात वाद्य नसते, तेथे कंठ हेच वाद्य असते. म्हणून पहिले संगीत आपल्याच घरचे असावे. भक्तामर स्तोत्र श्वेतांबर परंपरेत ४४ आणि दिगंबर परंपरेत ४८ श्लोकांचे. आजीच्या चालीतील हे श्लोक मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून ठेवावेत. ती चाल अन्य कोणाकडे मिळणार नाही.

सतराव्या शतकातील योगी आनंदघनजी यांची पदे आणि चोवीशीतील स्तवने हिवाळी रात्रीच्या शांततेत अधिक उमगतात. ‘आनंदघन’ हेच नाव घेऊन लता मंगेशकर यांनी १९६५ च्या ‘साधी माणसं’ या चित्रपटाला संगीत दिले. योगायोगाने जुळलेले हे नाव सांगितले, तर नातवंडांना दोन्ही ऐकावेसे वाटेल. पुण्यात पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ १९५३ मध्ये सुरू केलेला सवाई गंधर्व महोत्सव डिसेंबरमध्येच होतो. एखादा दिवस दुकान सांभाळण्याची पाळी ठरवून दोघा-तिघांनी जाऊन यावे.

उत्तराध्ययनाची अध्ययने एकूण छत्तीस आहेत. मार्गशीर्षात आरंभ करून रोज एक वाचले, तर संक्रांतीच्या आसपास ग्रंथ पूर्ण होतो. फाल्गुनात दिवस मोठा झाला की दुकान पुन्हा उशिरापर्यंत चालू लागेल. तोवर दिवेलागणीनंतर सर्वांचे मोबाईल एका फडताळात ठेवून घरातील सर्वांत लहान मुलाच्या हाती ग्रंथ द्यावा आणि पहिले पान त्याच्याकडून वाचून घ्यावे.