देऊळ लहान, यात्रा मोठी

यवतमाळहून दक्षिणेकडे जाणारा रस्ता आर्णीत अरुणावतीच्या काठाला लागतो. पुढे धनोड्याला एक फाटा पैनगंगा ओलांडून माहूरच्या डोंगरांकडे वळतो आणि मुख्य रस्ता महागाव, उमरखेड, नांदेड करत थेट तुळजापूर गाठतो. रेणुका आणि भवानी या दोन्ही देवींकडे नेणाऱ्या वाटेवर आर्णी बसलेली आहे. गोंधळ्यांच्या रेणुराई आणि कदमराई अशा दोन शाखा सांगतात. पहिली माहूरच्या देवीची, दुसरी तुळजापूरच्या. दोघांच्याही देवस्थानांकडे आज एकाच महामार्गाने जाता येतं.

तरी आर्णीचं नाव महाराष्ट्राच्या तीर्थांच्या यादीत ठळकपणे येत नाही. शिवाय इथला सगळ्यांत मोठा वार्षिक मेळा देवळात भरतच नाही. तो भरतो बाबा कंबलपोष यांच्या दर्ग्यावर, उर्साच्या निमित्ताने. त्या गर्दीत आसपासच्या खेड्यांतले कुणबी असतात, तांड्यांवरचे बंजारा असतात, आणि नवस फेडायला आलेल्या बाईला तिची जात-धर्म कोणी विचारत नाही. म्हणून या मुलखातल्या देवळांचा आणि उत्सवांचा आढावा घेताना मला इमारतीपासून सुरुवात करता येत नाही. इथे यात्रा आधी येते, देऊळ मागून. गाभारा एवढासा असतो आणि त्याच्याभोवती भरणारी माणसं मात्र दहा कोसांवरून आलेली असतात.

या यात्रा कधी भरतात ते पाहिलं की त्यांच्यामागचं गणित कळतं. हा कापसाचा जिल्हा. मृगात पेरणी, दसरा-दिवाळीला पहिला वेचा. वेचणीच्या मुहूर्ताला वावरात सीतादही करतात; पऱ्हाटीपाशी पूजा मांडून दहीभाताचा नैवेद्य दाखवतात आणि मगच बोंडाला हात लावतात. हे पूजन कुठल्याही देवळात होत नाही, त्याला पुजारी लागत नाही, आणि माझ्या मते आमच्या भागातला हा सगळ्यांत अस्सल धार्मिक विधी आहे. त्यानंतर मार्गशीर्षापासून चैत्रापर्यंत कास्तकाराच्या हातात थोडा पैसा असतो, नदीनाल्यांचं पाणी उतरलेलं असतं, बैल मोकळे असतात. बहुतेक मोठ्या यात्रा याच चार-पाच महिन्यांत बसवलेल्या आहेत. ज्या वर्षी कापसाला भाव नसतो त्या वर्षी यात्रेतली दुकानं तेवढीच लागतात, पण बायका बांगड्यांच्या पालासमोर जास्त वेळ उभ्या राहतात आणि कमी घेतात.

पावसाळ्यातले सण घरचे आणि गावचे. खांदमळणीला बैलांचे खांदे हळद-तुपाने चोळून त्यांना उद्याच्या जेवणाचं आवतण द्यायचं आणि श्रावण अमावस्येला पोळा. तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, मखर बांधलेला बैल पुढे असतो आणि झडत्या, म्हणजे पोळ्याची पद्यं, सुरू होतात. महादेव-पार्वतीपासून सावकार, सरकार, दुष्काळ यांच्यापर्यंत सगळ्यांचा हिशेब झडतीत निघतो. तोरण तुटलं की बैल आधी मारोतीच्या पाराला जातात आणि मग घरी, पुरणपोळीचा घास खायला. दुसऱ्या दिवशी तान्ह्या पोळ्याला लहान मुलं लाकडी नंदी घेऊन दारोदार फिरतात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. जन्माष्टमीला घरात मातीचा कानोबा बसतो. भाद्रपदात इतरत्र ज्यांना गौरी म्हणतात त्या आमच्याकडे महालक्ष्म्या होऊन येतात; त्यांच्या नैवेद्यातली ज्वारीची आंबील आणि सोळा भाज्या चुकवून चालत नाही. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत मुली भुलाबाई मांडतात आणि गाणी संपली की डब्यातली खिरापत ओळखायला लावतात. त्याआधीच तांड्यांवर तीज झालेली असते: कुमारिका टोपल्यांत गहू पेरतात, नऊ दिवस पाणी घालतात, त्याभोवती नाचतात-गातात आणि शेवटी नायकाच्या घरासमोरून वाजतगाजत विसर्जनाला नेतात. आर्णी, दिग्रस, पुसद, महागाव या पट्ट्यात बंजारा वस्ती एवढी मोठी आहे की तीज वगळून इथल्या उत्सवांचं वर्ष लिहिताच येणार नाही.

नवरात्र लागलं की रस्ता जागा होतो. माहूरच्या रेणुकेचं देऊळ डोंगरमाथ्यावर. गाभाऱ्यात पूर्ण मूर्ती नाही, शेंदराने माखलेला मुखवट्यासारखा तांदळा आहे. कथा अशी की जमदग्नींचे अंत्यसंस्कार परशुरामाने दत्तात्रेयांच्या आचार्यत्वाखाली इथे केले, रेणुका सती गेली, आणि आईसाठी व्याकूळ झालेल्या मुलाला ती पुन्हा भूमीतून वर येताना दिसली ती मुखापर्यंतच. त्यामुळे या देवीचं मुखच तेवढं पुजलं जातं. मातृतीर्थही इथेच आहे. प्रसाद असतो तांबुलाचा, खलबत्त्यात कुटलेल्या विड्याचा. देवीच्या तोंडात विडा भरवायचा आणि त्यातला थोडा आपण घ्यायचा, या रीतीत आई-लेकरांची जी जवळीक आहे ती मला मोठमोठ्या महापूजांत सापडलेली नाही.

माहूरला एक डोंगर रेणुकेचा, एक दत्तशिखर, एक अनसूयेचा. आई, मुलगा आणि आणखी एक आई. मार्गशीर्ष पौर्णिमेला दत्तजयंतीची गर्दी शिखरावर जाते आणि श्रावणी पौर्णिमेला, भर पावसात, भाविक या सगळ्या स्थानांची परिक्रमा करतात. रात्रभर चिखल तुडवत जंगलातून चालणं हीच त्यातली पूजा. महानुभावांनाही माहूर तितकंच पवित्र. देवदेवेश्वरीचं स्थान त्यांचं. सोनापीर दर्गाही माहूरगडाच्याच परिसरात आहे.

पैनगंगेचं पात्र हे केवढं मोठं कुंपण होतं हे आता कोणाच्या लक्षात येत नाही. वऱ्हाडचा कारभार 1853 पासून इंग्रजांकडे आला. नदीच्या पलीकडे निजामाचा मुलूख. माहूर त्या मुलखात. म्हणजे आर्णी-दिग्रसकडचा माणूस देवीला निघाला की एक राजवट सोडून दुसरीत शिरत होता. हैदराबाद संस्थान 1948 मध्ये विलीन झालं आणि 1956 च्या राज्य पुनर्रचनेत विदर्भ व मराठवाडा एकाच राज्यात आले, तोवर हे असंच होतं. आमचा जिल्हा तरी कुठे एका नावाने राहिला? आधी तो वणी जिल्हा म्हणून ओळखला जायचा, 1905 मध्ये यवतमाळ झाला आणि पुसद त्यातच जोडलं गेलं. कागदावरच्या सीमा बदलत राहिल्या, कुळाची देवी मात्र नदीपलीकडेच राहिली आणि माणसं तिच्याकडे जात राहिली. आता पवनारपासून गोव्याच्या सीमेवरच्या पत्रादेवीपर्यंत शक्तिपीठ महामार्ग आखला आहे, त्यात माहूरही आहे, आणि ज्यांच्या जमिनी त्यात जातात ते शेतकरी विरोधात उभे आहेत. देवीकडे लवकर पोचण्याची घाई नेमकी कोणाला आहे, हा त्यांचा प्रश्न मला योग्य वाटतो. पायी जाणाऱ्याला ती कधी नव्हती.

विदर्भाची एक खासियत इथे सांगायला हवी. आपल्याकडची अनेक गजबजलेली देवस्थानं पुराणातली नाहीत, आजोबा-पणजोबांनी पाहिलेल्या माणसांची आहेत. शेगावला गजानन महाराज 23 फेब्रुवारी 1878 ला प्रकट झाले असं मानतात आणि माघ वद्य सप्तमीचा प्रकटदिन आज गावोगाव महाप्रसादाने साजरा होतो. तशीच माणसं आमच्या जवळपासही झाली. दिग्रसचे घंटीबाबा, दारव्हा तालुक्यातल्या धामणगाव देवचे मुंगसाजी महाराज, घाटंजीचे मारोती महाराज. कोणी फारसं बोलत नव्हतं, कोणी अंगावर धड कपडा ठेवत नव्हतं, बहुतेकांनी लेखी काही ठेवलं नाही. समाधीवर देऊळ उभं राहिलं आणि त्याच्याभोवती वार्षिक यात्रा. शास्त्र सांगणाऱ्या गुरूपेक्षा आपल्या ओसरीवर बसून भाकर मागणारा साधू या मातीला जवळचा वाटला. या यात्रांत रात्री अवधूती भजनं रंगतात. मृदंग, झांजा आणि उंच लागलेला आवाज. अमरावती जिल्ह्यातल्या सावंगा विठोबाला गुढीपाडव्याला जी यात्रा भरते तिथे या भजनांचं मूळ घर आहे. कृष्णाजी अवधूत महाराजांचं ते स्थान, जिथे कापूर जाळायचा आणि उंच झेंड्यांना पाय न लावता दोरावरून चढून नवा कपडा चढवायचा.

आता दगडी देवळांविषयी. यवतमाळजवळचं लोहाऱ्याचं कमलेश्वर आणि तपोन्याचं महादेवाचं देऊळ ही हेमाडपंती बांधणीची. चुना न घालता काळे दगड एकमेकांत बसवलेले, यादवकाळाची आठवण देणारे. महाशिवरात्रीला इथे रांगा लागतात. अशा देवळांचं आज काय चाललं आहे ते पाहून मन खिन्न होतं. भक्ती वाढली की वर्गणी वाढते, वर्गणी वाढली की जीर्णोद्धार निघतो आणि आठशे वर्षं टिकलेल्या दगडावर तैलरंग चढतो, फरशा बसतात, पुढे पत्र्याचा मंडप येतो. गावकऱ्यांचा हेतू खोटा नसतो, त्यांना देवासाठी काही करायचं असतं. त्यांना कोणी सांगायला हवं की दगड धुऊन तसाच ठेवणं हीसुद्धा सेवा आहे.

कळंबचा चिंतामणी त्या मानाने वाचला आहे. विदर्भाच्या अष्टविनायकांतला हा गणपती जमिनीच्या पातळीखाली, पायऱ्या उतरून भेटतो. गौतमांच्या शापातून सुटण्यासाठी इंद्राने इथे गणेशाची आराधना केली अशी कथा आहे. समोरच्या कुंडातलं पाणी बारा-पंधरा वर्षांनी कधीतरी चढत जाऊन गणपतीच्या पायांना लागतं अशी श्रद्धा असून तसं झालं की कॅलेंडरमध्ये नसलेली यात्रा आपोआप भरते. यवतमाळ शहराचा दुर्गोत्सव याच्या अगदी उलट: मंडपांची आरास, रोषणाई आणि रात्रभर पायी फिरणारं अख्खं शहर. तोही बघावा, पण त्याच्याविषयी वर्तमानपत्रांत पुरेसं छापून येतं.

यात्रेचा अर्धा जीव बैलांत होता. वणीच्या रंगनाथस्वामींच्या जत्रेचं नाव काढलं की जुन्या कास्तकारांना आधी गुरांचा बाजार आठवतो, मग देव. माणसं दमणी-रेंगी जुंपून यायची, मुक्काम करायची, जोडी विकायची, दुसरी घ्यायची. ट्रॅक्टर आला, चराईची जमीन गेली आणि बाजार आटत गेले. शंकरपटांवर, म्हणजे बैलांच्या शर्यतींवर, 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाची बंदी आली; डिसेंबर 2021 मध्ये न्यायालयाने परवानगी दिल्यावर पट पुन्हा सुरू झाले आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा सुधारित कायदा मान्य केला. धावणाऱ्या जोड्या बघायला तरुण पोरं प्रचंड जमतात, पण त्यांतल्या बहुतेकांच्या गोठ्यात बैल नाही.

यात्रेतल्या जेवणाविषयीही सांगायला हवं. मारोतीला नवस बोलला की पानगे. कणकेचे गोळे पळसाच्या पानात गुंडाळून गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, सोबत वांग्याची भाजी आणि वरण, आणि सगळ्या पाहुण्यांची पंगत झाडाखाली. मोठ्या महाप्रसादात कोहळ्याची भाजी, पुरी, बुंदी. हे अन्न रांधायला आचारी लागत नाही, गावातली माणसं पुरतात. गाडगेबाबांनी (1876–1956) यात्रा पाहिल्या त्या याच अंगाने. आधी खराटा घेऊन जागा झाडायची, रात्री कीर्तनात देवापुढे कोंबडं-बकरं कापू नका म्हणून सांगायचं. तुकडोजी महाराजांनी (1909–1968) ग्रामगीतेत सण-उत्सव आणि यात्रा-मेळे यांना स्वतंत्र अध्याय दिले. वऱ्हाडातल्या दोन थोर माणसांना यात्रा ही मोडायची गोष्ट वाटली नाही, नीट करायची वाटली, याला मी फार महत्त्व देतो.

दिग्रसच्या पलीकडे वाशिम जिल्ह्यात पोहरादेवी. सेवालाल महाराजांचं (जन्म 15 फेब्रुवारी 1739) समाधिस्थान आणि जगदंबेचं ठाणं. रामनवमीला इथे बंजारा समाज तेलंगण-कर्नाटकातूनही येतो. भोग लागतो, अग्नीत तूप-गूळ पडतो, बायकांच्या काचकवड्यांनी भरलेल्या फेट्या-कांचळ्यांनी माळ रंगून जातो. 5 ऑक्टोबर 2024 ला तिथे बंजारा विरासत संग्रहालयाचं उद्घाटन झालं. एका समाजाच्या गाण्यांना, पोशाखाला आणि नगाऱ्याला कायमचं छत मिळालं याचा आनंद आहे. यवतमाळचे गोंड आणि कोलाम यांच्या वाट्याला अजून तसं काही आलेलं नाही. गोंडांच्या घरची माणसं पौष अमावस्येला तेलंगणातल्या केसलापूरच्या नागोबा जत्रेला जातात, मेस्राम कुळाचा तो सोहळा. कोलामांचा भीमदेव पोडावरच, म्हणजे त्यांच्या वस्तीवरच, पुजला जातो. जिल्ह्याच्या देवस्थानांच्या याद्यांत ही ठाणी क्वचितच सापडतात, कारण तिथे कळस नाही.

इमारती मोजणाऱ्या नोंदींतून असं बरंच निसटतं. देवळाला विश्वस्त असतात, सातबारा असतो. झडत्या, अवधूती भजनांच्या वह्या, बंजारांची होळीतली लेंगी गीतं, वर्गणीची रजिस्टरं, कोणत्या गावची दिंडी कुठे मुक्काम करते आणि कोणत्या घरी जेवते याची परंपरा, यांना कोणी वाली नाही. झडती सांगणारे म्हातारे प्रत्येक गावात आता एक-दोनच उरले आहेत. आर्णी तालुक्यातल्या शाळांमधल्या शिक्षकांनी आणि कॉलेजच्या पोरांनी मनावर घेतलं तर येत्या हंगामात, कापूस घरात येऊन यात्रा सुरू होतील तेव्हा, मोबाइलवर एवढं ध्वनिमुद्रित होऊ शकतं: सांगणाऱ्याचं गाव, त्याने कोणाकडून शिकलं ते, आणि झडती किंवा भजन पूर्ण, मध्ये न तोडता.