अजिंक्यताऱ्यावरील इतिहासवर्ग

सातारा-सांगलीच्या शाळांनी मध्ययुगीन इतिहास शिकवताना विद्यार्थ्यांना जाणत्या मार्गदर्शकासह शिलाहारकालीन अजिंक्यतारा पायी हिंडवावा, असे मला मनापासून वाटते. मंगळाई बुरुजापाशी मात्र घाई नको; कारण औरंगजेब बादशहाने डिसेंबर १६९९ मध्ये घातलेल्या वेढ्यात, किल्लेदार प्रयागजी प्रभू अल्प शिबंदीनिशी झुंजत असता, एप्रिल १७०० मध्ये मोगलांनी येथे सुरुंग उडवले, आणि दुसऱ्या स्फोटाने ढासळलेला तट चढाईस सज्ज असलेल्या त्यांच्याच फौजेवर कोसळला. ती उंची आणि तो उतार प्रत्यक्ष पाहिल्यावाचून हा प्रसंग मुलांना उमगावा कसा? पुढे किल्ला मोगलांच्या हाती जाऊन आझमतारा म्हणविला गेला; तथापि १७०८ मध्ये साताऱ्यातच शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला.