तीन तासांचा अनुशेष

२० नोव्हेंबर २०२४ रोजी महाराष्ट्र विधानसभेच्या २८८ जागांसाठी एकाच दिवशी मतदान झाले. आम्हा नाशिककरांना त्यासाठी सकाळी ७ पासून सायंकाळी ६ पर्यंत सवड होती. त्यामुळे जेवण उरकून, वामकुक्षी घेऊन, उन्हे कलल्यावर केंद्राकडे निघणारे गृहस्थ (प्रस्तुत लेखक त्यांतलाच) येथे विपुल. राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोली जिल्ह्यातील आरमोरी, गडचिरोली आणि अहेरी या मतदारसंघांत मात्र दुपारी ३ वाजताच मतदानाची मुदत संपत होती. कारण मतदानयंत्रे आणि ती हाताळणारे शिक्षक व कारकून अंधार पडण्यापूर्वी बंदोबस्ताच्या ठिकाणी परतणे अगत्याचे होते.

अंधाराचे हे भय माओवाद्यांच्या सशस्त्र लढ्यापायी; मात्र यादवी हा शब्द सरकार या मुलखाविषयी वापरीत नाही. दफ्तरी तो कायदा व सुव्यवस्थेचा प्रश्न, तर माओवाद्यांच्या लेखी तेच लोकयुद्ध. नाव काहीही असो, १९८० च्या सुमारास आंध्रातून आलेल्या सशस्त्र दलमांनी जेथे निवडणुकीवर बहिष्काराचे हुकूम वारंवार काढले, तेथे बोटावरची शाई हीच मतदाराविरुद्धची साक्ष ठरते. शेजारच्या बस्तरात तर ती लावूच नका, अशी विनवणी मतदारांनी केलेली आहे. लोकप्रतिनिधीही निर्धास्त नव्हते: अहेरीचे धर्मरावबाबा आत्राम यांचे १९९१ मध्ये नक्षलवाद्यांनी अपहरण केले होते. २०१९ च्या लोकसभा निवडणुकीत, ११ एप्रिलला, ऐन मतदानाच्या दिवशी एटापल्ली तालुक्यात वाघेझरी केंद्राजवळ स्फोट झाला; आणि निकाल लागण्यापूर्वीच, १ मे रोजी, महाराष्ट्रदिनी, जांभुळखेड्याजवळच्या सुरुंगस्फोटात १५ पोलीस जवान व त्यांच्या वाहनाचा चालक ठार झाले.

अमेरिकेतील यादवीच्या काळात, १८६२ साली, प्रतिनिधिगृहाच्या निवडणुका झाल्या खऱ्या, परंतु फुटून निघालेल्या राज्यांच्या जागा बहुतांशी रिकाम्याच राहिल्या. गडचिरोलीची जागा रिकामी राहत नाही, ती कोणाच्या पायपिटीवर, हे पाहण्याजोगे आहे: हेलिकॉप्टरने दुर्गम ठाण्यांवर उतरलेले कर्मचारी यंत्रे घेऊन रानवाटांनी केंद्र गाठतात, आणि मतदारही मैलोगणती चालत येतात, इतके की तीन तास कमी मिळूनही २०२४ मध्ये तेथील मतदान राज्याच्या सरासरीहून अधिक भरले.

ऑक्टोबर २०२५ मध्ये भूपती हा माओवादी नेता आपल्या ६० साथीदारांसह गडचिरोलीत मुख्यमंत्र्यांपुढे शरण आला. विदर्भाच्या अनुशेषाची चर्चा आपण सिंचनाच्या आणि रस्त्यांच्या हिशेबात पुष्कळ केली. आता अंधाराचे भय ओसरू लागले असेल, तर येत्या निवडणुकीत आयोगाने हा तासांचा अनुशेषही भरून काढावा, आणि एटापल्लीच्या मतदारासाठीही केंद्राचे दार सायंकाळी ६ पर्यंत उघडे ठेवावे.