इंजिन का तापते?

रायपूर ही छत्तीसगडची राजधानी. या शहरातील तेलीबांधा तलावाच्या काठाने जुना ग्रेट ईस्टर्न मार्ग जातो. हाच मार्ग पश्चिमेला दुर्ग, राजनांदगाव अशी गावे ओलांडीत नागपूरकडे जातो. मे महिन्यात येथील तापमान ४४-४५ अंश सेल्सिअसपर्यंत चढते. अशा दुपारी नागपूरहून आलेली एखादी टॅक्सी तेलीबांधा चौकातील गर्दीत अडकते. तापमानदर्शक काटा लाल रेषेकडे सरकतो आणि बॉनेटच्या फटीतून वाफ निघू लागते. अशा वेळी चालकाने काय करावे? घाईने केलेली एक चूक त्याचा चेहरा भाजू शकते, तर ‘थोडेच अंतर राहिले आहे’ असे म्हणून गाडी पुढे दामटल्यास त्याच्या उपजीविकेचे साधनच निकामी होऊ शकते. म्हणून इंजिन का तापते, हे प्रथम समजून घेतले पाहिजे.

उष्णता येते कोठून?

इंजिनात इंधन जळते. त्यातून मिळणाऱ्या ऊर्जेचा साधारण एक तृतीयांश भागच चाके फिरविण्यास उपयोगी पडतो. उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर टाकावी लागते. तिचा काही भाग धुराबरोबर निघून जातो आणि काही भाग थंड करणारा द्रव, म्हणजे कूलंट, वाहून नेतो.

ही अडचण मोटारीइतकीच जुनी आहे. १८८८ साली बर्था बेंझ यांनी जर्मनीत मानहाइम ते फॉर्झहाइम असा मोटारप्रवास केला. तेव्हा इंजिनातील पाणी वाफ होऊन उडून जात असे व वाटेत पुनःपुन्हा भरावे लागे. पुढे १९०१ च्या मर्सिडीज गाडीसाठी विल्हेल्म मेबाख यांनी मधाच्या पोळ्यासारखी रचना असलेला रेडिएटर वापरला. त्यामुळे तेच पाणी थंड करून पुन्हा वापरणे सुलभ झाले.

आजच्या मोटारीतही हेच तत्त्व आहे. वॉटर पंप कूलंटला इंजिनभोवती फिरवतो. तापलेला कूलंट रबरी नळीतून रेडिएटरमध्ये येतो. तेथील बारीक नळ्यांवरून वारा वाहतो आणि कूलंट थंड होऊन परत जातो. गाडी उभी असताना वाऱ्याचे काम पंखा करतो. इंजिन पुरेसे गरम होईपर्यंत थर्मोस्टॅट नावाची झडप रेडिएटरची वाट बंद ठेवते. रेडिएटरचे झाकण प्रेशर कुकरच्या झाकणासारखे दाब राखते. दाब वाढला की द्रवाचा उत्कलनबिंदूही वाढतो, म्हणून कूलंट १०० अंशांच्या वर गेला तरी उकळत नाही.

प्रथम काय करावे?

काटा वर चढताना दिसताच वातानुकूलन यंत्र बंद करावे आणि गाडी रस्त्याच्या कडेला सुरक्षित जागी घ्यावी. गाडीत हीटर असल्यास तो पूर्ण सुरू करावा; त्यामुळे इंजिनातील काही उष्णता बाहेर पडते. वाफ दिसत असेल, तर मात्र इंजिन ताबडतोब बंद करावे. त्यानंतर किमान अर्धा तास थांबावे. गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. झाकण सैल होताच दाब उतरतो, आतील द्रव एकदम उकळतो आणि उसळून अंगावर येतो. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नये. त्याने धातूला तडा जाऊ शकतो. विजेवर चालणारा पंखा इंजिन बंद असतानाही आपोआप फिरू शकतो, म्हणून त्यात हात घालू नये.

दोष कसा ओळखावा?

इंजिन निवल्यावर प्रथम कूलंटची पातळी पाहावी. ती कमी असेल, तर नळ्या, त्यांचे जोड, रेडिएटर आणि पंप यांपैकी कोठेतरी गळती असावी. गाडीखालचे ओले डाग तिचा माग दाखवतात.

पातळी योग्य असेल, तर गाडी केव्हा तापते हे आठवावे. गर्दीत तापते आणि वेगात निवते, तर दोष पंख्याचा, त्याच्या फ्यूजचा किंवा तारांचा असण्याची शक्यता अधिक. महामार्गावर वेगाने जाताना तापते, तर रेडिएटर आतून क्षाराने किंवा बाहेरून धूळ-किड्यांनी तुंबलेला असू शकतो. पंपही अशक्त झालेला असू शकतो. इंजिन तापले तरी रेडिएटर थंडच राहत असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला असावा.

एंझॉस्टमधून सतत पांढरा धूर येणे आणि इंजिन ऑइल दुधाळ होणे, ही हेड गॅस्केट फाटल्याची लक्षणे आहेत. असे झाल्यास गाडी चालवू नये. ती ओढूनच कार्यशाळेत न्यावी. गॅस्केट हा एक पातळ थर. पण तो बदलण्यासाठी इंजिनाचा वरचा भाग खोलावा लागतो. अतिउष्णतेने तो भाग वाकला असेल, तर खर्च फारच वाढतो.

उपाय आणि काळजी

फाटलेली नळी किंवा बिघडलेला थर्मोस्टॅट बदलणे तुलनेने स्वस्त असते. अडचणीच्या वेळी साधे पाणी घालून हळूहळू जवळच्या कार्यशाळेपर्यंत जाता येते. परंतु ते कायमचे ठेवू नये. विहिरीच्या किंवा बोअरच्या जड पाण्यातील क्षार रेडिएटरच्या नळ्यांत साचतात. म्हणून माहितीपुस्तिकेत सांगितलेला कूलंट, गरजेनुसार शुद्ध ऊर्ध्वपातित पाणी मिसळून भरावा आणि ठरावीक काळाने बदलावा. काढलेला कूलंट गटारात किंवा तलावात ओतू नये. त्याची चव गोड असल्याने जनावरे तो चाटतात. पण तो विषारी असतो.

उन्हाळा सुरू होण्यापूर्वी कूलंट, नळ्या, पट्टा आणि पंखा यांची तपासणी करण्यास थोडाच वेळ लागतो. काट्याचा इशारा वेळीच ओळखणारा चालक आपले इंजिन वाचवतो आणि गाडीतील प्रवाशांनाही सुखरूप पोहोचवतो.

पाठगत प्रश्न

१. रेडिएटरच्या झाकणाची तुलना प्रेशर कुकरशी का केली आहे?
२. गाडी केवळ गर्दीत तापत असेल, तर प्रथम काय तपासावे? कारण सांगा.
३. वापरलेला कूलंट तलावात का ओतू नये?